ताळ्याची ओळ

मला कॉलेजात 'ताळेसर' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या लॅबच्या भिंती प्लायवुडच्या आहेत आणि माझे कान अजून शाबूत आहेत. खरं नाव नंदकुमार शिवगण. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या कॉलेजात मी इंजिनिअरिंगच्या पोरांना संख्यात्मक पद्धती शिकवतो, आणि त्याही नुसत्या फळ्यावर नाही, प्रत्येकाकडून प्रोग्राम लिहून घेऊन. स्वतःच्या बोटांनी लिहायचा, स्वतः चालवायचा, चुकला की स्वतःच कपाळाला हात लावायचा.

या पद्धती म्हणजे काही फार मोठं गूढ नव्हे. जगातली बहुतेक समीकरणं शाळेतल्यासारखी सरळ सुटत नाहीत. मग काय करायचं? एक उत्तर अंदाजाने धरायचं, किती चुकलं ते बघायचं, थोडं सुधारायचं, पुन्हा बघायचं. आमटीत मीठ घालताना आपण दुसरं काय करतो? प्रश्न एवढाच, की थांबायचं कधी. पोरं इथेच माती खातात. मागचं उत्तर आणि आताचं उत्तर यांच्यात फरक दिसेनासा झाला की हात झटकून मोकळी. "सर, स्थिरावलं!" अरे शहाण्या, स्थिरावलं की नुसतं रेंगाळलं? म्हणून माझा नियम असा, की प्रोग्रामची शेवटची ओळ ताळ्याची. आलेलं उत्तर उचलायचं, मूळ समीकरणात परत घालायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. जे उरतं ती बाकी. बाकी उरली, तर उत्तर कितीही देखणं असो, मार्क शून्य. चौथीतल्या पोरांना गुरुजी भागाकाराचा ताळा करायला लावतात, तेच मी इंजिनिअरांना लावतो.

यंदाची बॅच शेवटची होती. "आता सोडवतंय कोण, सर? यंत्रं सोडवतात. पोरांनी फक्त नीट विचारायला शिकायचं," असं प्राचार्यांनी मला चहा पाजून सांगितलं. पुढच्या वर्षीपासून माझ्या विषयाच्या जागी 'यंत्रसंवाद' येणार होता. मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. राग घरी जाऊन शालनवर, म्हणजे बायकोवर, काढला. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुमच्या लेकीचंच यंत्र आहे ना? मग चिडताय कुणावर?"

आता या यंत्राबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव 'पहारा'. घाटातल्या आणि कोकणातल्या झाडून सगळ्या उतारांवर त्याचे खांब रोवलेले आहेत. मातीत पाणी किती मुरलं, उतार किती कलला, हे ते मोजतात. डोंगराचं गणित तसं समजायला सोपं आहे. माती-दगडांना खाली ओढणारं एक बळ असतं आणि त्यांना धरून ठेवणारं दुसरं. धरणारं भागिले ओढणारं. उत्तर एकाच्या वर, तर डोंगर उभा. एकाच्या खाली गेलं, की तो आलाच. पाणी मुरत गेलं की धरणारं बळ कमी होत जातं. समजायला सोपं, पण सोडवायला महाकिचकट, कारण मातीचं प्रत्येक ढेकूळ शेजारच्या ढेकळावर रेललेलं असतं. पहारा हे गणित प्रत्येक उतारासाठी दर तासाला करतो. आकडा ज्याच्या त्याच्या फोनवर दिसतो, हिरव्या पट्टीवर. एकाच्या खाली आला की पट्टी लाल होते आणि गावातला सायरन आपोआप वाजतो.

त्या यंत्रातला गणित करणारा गाभा केतकीने लिहिलाय. केतकी म्हणजे माझी मुलगी. याच लॅबमध्ये, माझ्याच हाताखाली शिकली. ताळा विसरली म्हणून मी तिलाही एकदा शून्य दिलं होतं, तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पहारा सुरू झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याने माणसं वाचवली, तेव्हा शालनने अख्ख्या आळीत पेढे वाटले. मीही भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. अभिमान वाटत होता, तो काय लपवायचा?

तर त्या शेवटच्या बॅचला मी प्रकल्प दिला: प्रत्येकाने एकेक उतार निवडायचा, पहाऱ्याच्या खांबांची मोजमापं सगळ्यांना खुली असतात ती घ्यायची, आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने आकडा काढायचा. पहाऱ्याच्या आकड्याशी जुळला की झालं. बापाच्या मनात थोडं लेकीचं कौतुक दाखवायचंही होतं.

तन्झीला मुकादमने भेंडवण्याचा डोंगर घेतला. तिचं घर त्याच्या पायथ्याशी. ही पोरगी पहिल्या बाकावर बसून पेनाचं टोपण चावते आणि माझ्याशी वाद घालते. वर्गात जीव असतो तो अशा एखाद्या पोरीमुळेच. एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, माझं चुकतंय."

"त्यात नवीन काय?"

पोरं खिदळली. ती हसली नाही. "पहाऱ्यावर एक पॉइंट शून्य सात आहे. माझं पॉइंट सत्त्याण्णव येतंय."

"ताळा केलास?"

"केला."

"बाकी?"

"काहीच उरत नाही, सर."

"मग मोजमापं चुकीची घेतली असशील. जा, पहिल्यापासून कर."

ती गेली. संध्याकाळी परत आली, तेच उत्तर घेऊन. मग मी तिचा प्रोग्राम समोर घेतला आणि ओळन्‌ओळ उसवली. चूक कुठे लपते ते मला ठाऊक आहे: एककात, चिन्हात, घनतेच्या दशांशचिन्हात. सगळं बघितलं. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी तिचा प्रोग्राम बाजूला ठेवून मी स्वतः नव्याने लिहायला घेतला. सगळी बॅच मागे उभी राहून बघत होती. माझंही उत्तर पॉइंट सत्त्याण्णवच आलं. ताळा जुळला. मग मी पहाऱ्याचा एक पॉइंट शून्य सात उचलला आणि मूळ समीकरणात घातला. ढीगभर बाकी उरली.

प्रथमेश गोताड म्हणाला, "पण सर, पहारा कसा चुकेल?" तो बिचारा मनापासून विचारत होता.

तन्झीला काही विचारत नव्हती. तिचं टोपण चावणं थांबलं होतं. "सर, घरी अम्मी आहे, दादी आहे," ती म्हणाली. "अब्बा आहेत. वरची वाडी तर डोंगराच्या अंगावरच आहे."

मी पहाऱ्याचे मागचे आकडे मागवले. त्या वर्षी धो धो पाऊस असा झालाच नव्हता. श्रावण लागून उलटायला आला, तरी नुसती रिपरिप, रात्रंदिवस, न थांबता. आणि पहाऱ्याचा आकडा त्याच चालीने खाली सरकत होता: तासागणिक शेवटच्या दशांशात एखादा अंक. एवढा लहान फरक मी ओळखत होतो. दरवर्षी पोरांच्या प्रोग्राममध्ये हाच बघत आलोय.

मी लॅबमधूनच केतकीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. पटकन सांगा."

"भेंडवण्याचा आकडा चुकतोय. खरा एकाच्या खाली आहे."

"कुणी काढला?"

"माझ्या विद्यार्थिनीने. मी स्वतःही काढला."

ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "बाबा, पहारा एकदाही चुकलेला नाही."

"केतू, तुझं यंत्र सुरुवात कुठून करतं? पहिला अंदाज कुठला धरतं?"

"मागच्या तासाच्या उत्तराचा. तीच तर युक्ती आहे. डोंगर तासाभरात फारसा बदलत नाही, त्यामुळे उत्तर हाकेच्या अंतरावरच असतं. दोन-तीन पावलांत पोचतो."

"आणि थांबतेस कधी?"

"फरक पुरेसा लहान झाला की."

"ताळा?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"केतकी, ताळ्याची ओळ आहे की नाही?"

"काढली," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी होती. बाबा, उत्तर काढायला लागतो त्याच्या दहापट वेळ ताळ्याला लागतो. सगळे डोंगर तासाभरात व्हायला हवेत ही सरकारची अट होती. मी हजारो उदाहरणांवर तपासून बघितलं, ताळ्याने एकदाही वेगळं उत्तर दिलं नाही. मग काढली."

"ढगफुटीची उदाहरणं होती ना सगळी? धडाधड बदलणारी?"

"बहुतेक."

"मग ऐक. कडेलोटाच्या जवळ आलेल्या डोंगरात उत्तराची पावलं बारीक होत जातात. तुला माहितीय, मीच शिकवलंय. ढगफुटीत तुझं यंत्र लांब उडी मारतं, म्हणून वाचतं. रिपरिपीत ते मागच्या उत्तरापाशी उभं राहतं, एक इवलंसं पाऊल टाकतं, पाऊल लहान आहे म्हणून पोचलो समजतं आणि बसतं. पुढच्या तासाला तिथूनच पुन्हा. डोंगर पुढे निघून गेलाय आणि ते मागे बसलंय."

"बाबा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कोरडा होता, "तुमचा विषय बंद झाला याचं मलाही वाईट वाटतं. पण म्हणून..."

मला ते लागलं. खूप लागलं. बत्तीस पोरांदेखत मी फोनवर ओरडलो, "माझा विषय गेला खड्ड्यात! तिथे माणसं राहतात! एकदा, फक्त एकदा, त्या उताराचा ताळा कर!"

"करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तहसील कार्यालयात फोन केला, तर तिथले साहेब फार सभ्यपणे बोलले. "सर, आकडा एकाच्या खाली दाखवा, आत्ता गाड्या सोडतो."

"दाखवतोय ना! पॉइंट सत्त्याण्णव!"

"पहाऱ्याचा आकडा, सर."

त्यांनाही दोष देऊन काय करू? पूर्वी सायरनची कळ सरपंचाच्या हातात असायची. एका गावात सरपंचाने घाबरून उगाच वाजवला, लोक अंधारात घाटरस्त्याने पळाले, चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्यानंतर कळा काढून टाकल्या. आता सायरन चालू करणं आणि बंद करणं, दोन्ही फक्त पहाऱ्याच्या हातात.

प्राचार्यांकडे गेलो. मला वाटलं होतं हा माणूस फाटे फोडेल. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, ड्रायव्हरला हाक मारली आणि म्हणाले, "कॉलेजची बस घेऊन जा. विचारलं कुणी तर सहल म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, तन्झीला आणि प्रथमेश भेंडवण्यात पोचलो. नदीवर पूल, पुलाच्या अलीकडे शाळा आणि सायरनचा खांब, पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी मोहल्ला, आणि वर डोंगराच्या खांद्यावर वरची वाडी. डोंगर हिरवागार, एवढा शांत की मलाच माझी शंका यावी.

तन्झीलाचे वडील इस्माईलभाई जहाजावर होते; निवृत्त होऊन गावात आले आणि पहाऱ्याचे गावसेवक झाले. खांबांभोवतीचं गवत कापायचं, काचा पुसायच्या, सायरन झाला की माणसं बाहेर काढायची. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं, चहा मागवला, लेकीचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग शांतपणे फोन पुढे केला. हिरवी पट्टी. एक पॉइंट शून्य सात.

"पहारा गप्प आहे," ते म्हणाले.

"अब्बा, तो चुकतोय."

"बेटा, ती मोकळी जागा दिसते? पहारा आला त्या वर्षी तिथे आमची चार घरं होती. त्या दिवशी एक थेंब पाऊस नव्हता. आकाश निळं. आणि सायरन झाला. लोक मला शिव्या देत बाहेर आले. तासाभरात दरड आली, रिकाम्या घरांवर. सायरन होईपर्यंत तुझी दादी त्यातल्याच एका घरात झोपली होती." ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही मोठे आहात. पण ज्याने माझी आई वाचवली, त्याच्यावर संशय कसा घेऊ? आणि कशासाठी, कॉलेजच्या एका गणितासाठी?"

तीस वर्षं शिकवलं, पण या माणसाला काय सांगू ते सुचेना. समीकरण, बाकी, पाऊल: सगळे शब्द त्या ओटीवर पोकळ वाटायला लागले.

तन्झीला उठली आणि बापासमोर जमिनीवर बसली. "अब्बा, मी दोनदा केलं. सरांनी तिसऱ्यांदा केलं. मला चूक सापडावी म्हणून मी दुआ मागितली. नाही सापडली."

इस्माईलभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू म्हणतेस म्हणून अम्मीला आणि दादीला घेऊन जा. मी इथे थांबतो. सायरन झालाच, तर माणसं हलवायला कुणीतरी हवं की नको?"

"सायरन होणारच नाही! तेच तर सांगतेय!" ती किंचाळली. आतून तिची आई दारात येऊन उभी राहिली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. केतकी.

"बाबा, बाकी उरतेय," ती म्हणाली. "खूप उरतेय. मी... पॉइंट सत्त्याण्णव. तुमच्या त्या मुलीचं बरोबर आहे. आणि फक्त भेंडवणे नाही, आणखी कितीतरी उतार तसेच आहेत. मी ओळ परत घालतेय, पण सगळी यंत्रणा थांबवून पुन्हा सुरू करावी लागेल आणि त्याला वरची परवानगी लागते. ते म्हणतात, पहारा बंद ठेवला आणि तेवढ्यात कुठे दरड आली तर? बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"भेंडवण्यात."

"निघा तिथून! आत्ता निघा!"

"आधी एका माणसाशी बोल," मी म्हणालो आणि फोन इस्माईलभाईंच्या हातात दिला.

ती काय बोलली ते मला शब्दशः ऐकू आलं नाही. इस्माईलभाई "हां" म्हणत राहिले. मग म्हणाले, "तुम्हीच बनवला?" मग बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. जवळचं कुणी गेल्याचं ऐकावं तसा. फोन परत देताना ते म्हणाले, "सर, पोरगी रडतेय तुमची. तिला धीर द्या."

त्यानंतर मात्र त्यांनी एक क्षण दवडला नाही. जहाजावरची सवय असावी. कोणी कुठे धावायचं, म्हातारी माणसं कोणी उचलायची, बस कुठे लावायची, भराभर हुकूम सोडले. मोहल्ल्यात त्यांचा शब्द चालायचा. कुरकुर झाली, कोणी फोनची हिरवी पट्टी नाचवली, पण दार ओढून घेत लोक निघाले. प्रथमेशने दादीला पाठीवर घेतलं. बसने पुलावरून फेऱ्या मारल्या, मोहल्ला शाळेत येऊन बसला.

वरची वाडी राहिली होती. तिथे पायवाटेनेच जावं लागायचं.

"मी येते," तन्झीला म्हणाली.

"तू इथे राहून मोज. कोण आलं, कोण राहिलं," इस्माईलभाई म्हणाले. तिने हट्ट केला, तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तिचा दंड धरला. तो मी धरला, हे मला विसरता येत नाही. इस्माईलभाई छत्रीही न घेता, लुंगी वर खोचून, पायवाटेने चढायला लागले.

वाडी शाळेतून दिसते. रिपरिप चालूच होती. धुक्यातून कौलं दिसत होती, एका अंगणात उभी राहिलेली माणसं दिसत होती. इस्माईलभाई वर पोचले. हात हलवून हलवून बोलताना दिसले. काही बाया पोरं घेऊन खाली यायला लागल्या. बाकीचे जागचे हलेनात.

तन्झीलाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अब्बा, काय चाललंय?"

मागे कोणाचा तरी आवाज येत होता. "भाई, तुम्हीच सांगितलंत ना, सायरन झाल्याशिवाय निघायचं नाही म्हणून? गुरं दावणीला आहेत, भात चुलीवर आहे. बघा की फोन. पहारा गप्प आहे."

"पहारा चुकतोय!" इस्माईलभाई ओरडले. "ज्या बाईने बनवला तिनेच सांगितलं मला!"

"कोण बाई? आम्ही तर बघितली नाही."

"अब्बा, तुम्ही निघा," तन्झीला म्हणाली. "ज्यांना यायचंय ते येतील. तुम्ही या, अब्बा."

"येतो, बेटा. हा सोनू तेवढा ऐकतोय, त्याच्या आईला घेतो. तू सगळे मोजलेस?"

"मोजले."

"परत मोज."

ती खरंच वळून परत मोजायला लागली.

आवाज आधी आला. मी आयुष्यभर ज्याचं समीकरण शिकवलं, ते डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. हिरवा डोंगर जागच्या जागी सैल झाला. झाडं उभीच्या उभी खाली सरकली, वाडीची कौलं त्यांच्याबरोबर सरकली, आणि मग तिथे तांबड्या मातीशिवाय काही नव्हतं. माती मोहल्ल्यातून आली आणि नदीत थांबली. खाली उतरलेल्या बाया पुलापाशी पोचल्या होत्या. त्या मागे वळून बघत उभ्या राहिल्या. तन्झीलाच्या हातातला फोन चालूच होता आणि त्यातून काहीही ऐकू येत नव्हतं.

मी अजून तिचा दंड धरून होतो. ती सुटायची धडपडही करत नव्हती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. प्रथमेश आणि मोहल्ल्यातले तरणे पुलावर धावले होते, चिखलाच्या काठाशी जाऊन उभे होते, पाय कुठे ठेवायचा हेच त्यांना कळत नव्हतं. आणि मग आमच्या डोक्यावर सायरन सुरू झाला. एवढा मोठा, की शाळेतली पोरं कानांवर हात ठेवून रडायला लागली. सगळ्यांचे फोन एकदम लाल झाले.

माझ्या खिशातही फोन वाजत होता. केतकी. उचलला, तर ती धापा टाकत, हसत-रडत बोलत होती. "बाबा, परवानगी मिळाली! ओळ घातली! सगळ्यात आधी तुमचंच गाव घेतलं, पण ताळ्याला वेळ लागतो हो, तुम्हाला माहितीय. वाजला ना? बाबा? लोक निघाले का?"

मी फोन कानापासून खाली घेतला. तन्झीलाने स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. डोंगर पडण्याआधी खांबांनी पाठवलेल्या शेवटच्या मोजमापांवरून पहाऱ्याने नवा आकडा काढला होता, आणि तो लाल पट्टीवर स्पष्ट दिसत होता. शून्य पॉइंट नऊ सात.

"सर," ती म्हणाली, "माझ्याएवढाच आला."

मी मान हलवली.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

आयुष्यभर मी पोरांच्या चुका शोधल्या. हिची एक चूक सापडली असती तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

"बरोबर होतं गं, पोरी," मी म्हणालो.

ती माझ्या खांद्यावर कोसळली आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. फोनमधून केतकी अजून विचारत होती, वाजला का, बाबा, बोला ना, वाजला का. सायरन चालूच होता, आणि तो बंद करायची कळ भेंडवण्यात कोणाकडेच नव्हती.